वरची पाठ वळतच नाही, कंबर मात्र दुखते

प्रश्न: दिवसभर लॅपटॉपवर काम असतं, संध्याकाळपर्यंत दोन खांद्यांच्या मधे पाठ अशी आखडते की मागे बघायचं तर सगळं अंगच वळवावं लागतं. व्हिडिओ बघून ते हात-गुडघे टेकून ओणवं होऊन, एक हात डोक्यामागे ठेवून कोपर छताकडे न्यायचं स्ट्रेच चालू केलंय. पाठ आहे तिथेच, उलट कंबर दुखायला लागलीय. आधी कधी व्यायाम केलेला नाही. काय चुकतंय?

उत्तर: स्ट्रेच बरोबर निवडलंय हो, फक्त ते पाठीऐवजी कंबरेने चाललंय. वरच्या पाठीत १२ मणके, त्यांना दोन्हीकडून फासळ्या जोडलेल्या, तरी अंग वळवायचं काम मुख्यतः ह्याच भागाचं, सगळे मिळून एका बाजूला साधारण ३०-३५ अंश वळतात. खाली कंबरेचे ५ मणके पुढेमागे छान वाकतात पण वळायचं म्हणाल तर अगदीच थोडं, सांध्यांची ठेवणच तशी आहे. आता वरचा भाग आखडलेला असला की शरीर जिथून जमेल तिथून वळण काढतं, खुबा एका बाजूला सरकतो, कंबर पिळली जाते, कोपर जातं वर आणि आपल्याला वाटतं जमलं!

म्हणून आधी बूड मागे नेऊन टाचांवर टेकवा. असं बसलं की कंबर गोल होऊन जवळपास लॉक होते. एक हात कोपरापर्यंत समोर जमिनीवर, दुसरा तळवा डोक्यामागे. वरचं कोपर आधी टेकलेल्या हाताकडे खाली आणा आणि मग श्वास सोडत सोडत हळू वर उघडा, नजर कोपराबरोबर जाऊ दे. मान हाताने ओढायची नाही. कोपर किती वर गेलं ते बघूच नका, शर्टाचं वरचं बटण किती वळलं ते बघा, कारण कोपर नुसत्या खांद्यातूनही मागे जातं, बटण नाही जात. सुरुवातीला ते जेमतेम हलेल, तेवढंच खरं. टाचेवरून बूड उचललं गेलं की समजा परत कंबर मधे आली.

एकेका बाजूला ६-८ वेळा, रोज, बस. जोर लावून धरून ठेवायची गरज नाही.

गुडघे दुमडत नसतील तर मांडी-पोटरीच्या मधे उशी घाला, नाहीतर कुशीवर झोपून दोन्ही गुडघे पोटाशी घ्या आणि वरचा हात मागे उघडा, गुडघे एकमेकांना चिकटलेलेच. कट्ट आवाज आला आणि दुखलं नाही तर सोडून द्या. हाताला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेलं असेल तर मात्र आधी डॉक्टर. आणि कंबरेचं दुखणं पूर्ण थांबेपर्यंत कुशीवरचाच प्रकार करा, थांबलंच नाही तर फिजिओला दाखवा.