कढईला ताव हवा

मागच्या अंकात मी ठाण्यात खोपटच्या आमच्या चायनीजच्या गाडीचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग आला. नव्या वाचकांसाठी सांगते. वागळे इस्टेटमधली ह्यांची कंपनी बंद पडली, हाती आलेल्या पैशांतून आम्ही गाडी टाकली आणि पुढची सतरा वर्षं रोज संध्याकाळी सहा ते अकरा ती चालवली. कढईवर नेपाळहून आलेला आमचा आचारी असायचा, त्याला सगळे दाजू म्हणायचे. गल्ल्यावर हे, चिराचिरी माझ्याकडे. दिवसाला दहा-बारा किलो कोबी माझ्या हाताखालून जायचा. तेव्हा पुढची उत्तरं बहुतेक त्या गाडीवरचीच आहेत.

काकू, घरी फ्राइड राइस केला की गिचका होतो. सॉस तेच, भाज्या त्याच, तरी गाडीची चव येत नाही. काय चुकतं?
— एक वाचक, कळवा

बाटल्या तुझ्याकडे आहेत त्याच आमच्याकडेही होत्या. फरक जाळाचा आहे. गाडीवरच्या भट्टीला पंख्याने हवा मिळते, जाळ कढईच्या कडेपर्यंत चढतो. भाजी पडली की तिचं पाणी जागच्या जागी वाफ होऊन उडून जातं. घरच्या शेगडीवर चौघांचा भात एकदम टाकलास की कढई निवते, भाज्यांना पाणी सुटतं आणि भात परतला जायच्याऐवजी शिजत राहतो. म्हणून एका वेळी एकाच ताटाचा भात कर. चार माणसं असतील तर चार वेळा. कंटाळा येईल, पण दुसरी वाट नाही.

कढई लोखंडी घे. नॉनस्टिक रिकामं इतकं तापवायचं नसतं. धूर दिसू लागला की तेल, तेलात लसूण. लसूण लाल होऊ द्यायचा नाही, वास आला की लगेच गाजर-फरसबी, मग कोबी, मग भात. मीठ आणि पांढरी मिरपूड भातावर टाक. सोया सॉस मात्र भातावर ओतू नकोस, तो कढईच्या तापलेल्या कडेवरून सोड. चर्र आवाज होतो, सॉस तिथेच किंचित करपतो आणि तुला हवा असलेला गाडीचा वास तिथून येतो. व्हिनेगरचे चार थेंब आणि कांद्याची पात गॅस बंद करता करता. दाजूचं सगळं मिळून दोन-अडीच मिनिटांत व्हायचं. कढईच्या काठावर पळी दोनदा वाजली की मी पार्सलचा डबा पुढे करायचे. अजूनही स्वयंपाकघरात कुणी पळी आपटली की माझा हात पुढे जातो.

आता भाताबद्दल. लांब दाण्याचा तांदूळ भरपूर पाण्यात शिजव, दाणा आत जरासा टणक असतानाच चाळणीवर ओत आणि परातीत पसरून पंख्याखाली गार कर. शितं सुटी झाली की झाकून फ्रिजमध्ये ठेव. ‘शिळ्या भाताचा राइस चांगला होतो’ हे खरं, कारण गार झालेल्या भाताचा चिकटपणा जातो. पण ओट्यावर रात्रभर राहिलेला भात घेऊ नकोस. भातात एक जिवाणू असतो, बॅसिलस सिरियस. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उबेत ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. शिजल्यापासून दोन तासांच्या आत भात फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे. आमच्या गाडीवर उरलेला भात दुसऱ्या दिवशी कधीच चढला नाही, यावर ह्यांचा फार कटाक्ष होता.

नातू दर रविवारी चायनीज मागतो. अजिनोमोटो म्हणजे विषच, असं सोसायटीत सगळे सांगतात. देऊ की नको?
— एक आजोबा, ऐरोली

आजोबा, आमच्या गाडीवर अजिनोमोटो होता. मी ते तेव्हाही लपवलं नाही.

मुळात हे चिनी नाही, जपानी आहे. किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी ते बाजारात आलं. अजिनोमोटो हे कंपनीचं नाव, अर्थ साधारण ‘चवीचं मूळ’. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये आपोआप असतं. भीती सुरू झाली ती १९६८ मध्ये. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं की, चिनी जेवणानंतर मान बधिर होते, छाती धडधडते. त्यांनी कारणं म्हणून दोन-तीन शक्यता लिहिल्या होत्या, जगाने त्यातली एकच उचलली. नंतरच्या चाचण्यांमध्ये, खाणाऱ्याला काय दिलंय हे कळू न देता पाहिलं, तेव्हा ठाम संबंध दिसला नाही. खूप मोठी मात्रा रिकाम्या पोटी घेतली तर काहींना थोडा वेळ त्रास होतो, एवढंच.

मला काळजी वाटते ती मिठाची. सोया सॉसात मीठ, चिली सॉसात मीठ, मंचुरियनच्या पिठात मीठ, वर पुन्हा चिमूटभर मीठ. अजिनोमोटोत सोडियम साधारण १२ टक्के, साध्या मिठात ३९ टक्के. तुम्हाला स्वतःला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नातवाच्या ताटातलं सूप तुम्ही संपवू नका. नातवाला महिन्यातून दोनदा द्या आणि गाडीवाल्याला सांगा, ‘मीठ कमी, सॉस कमी.’ तो ऐकतो. आम्ही ऐकायचो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र यातलं काहीही नको.

माझ्या ऑफिसात चीनहून एक सहकारी आला आहे. त्याला मंचुरियन खाऊ घातलं तर म्हणाला, हे आमच्याकडे नसतं. मग आपण इतकी वर्षं खातो ते काय आहे?
— एक वाचक, वाशी

तो खरं बोलला आणि तुम्हीही खोटं काही खाल्लेलं नाही.

मंचुरियाचा प्रदेश चीनच्या ईशान्येला, पण ही गोष्ट मुंबईतली आहे. नेल्सन वांग हे कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी. १९७५ मध्ये ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात होते. मेनूबाहेरचं काहीतरी करा, अशी फर्माईश आली तेव्हा त्यांनी आपल्याकडच्यासारखं आलं-लसूण-हिरवी मिरची बारीक चिरून परतली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने रस्सा दाट केला. चिकन मंचुरियनचं श्रेय त्यांना दिलं जातं. पुढे १९८३ मध्ये त्यांनी मुंबईत ‘चायना गार्डन’ काढलं. म्हणजे वडापावाइतकंच मंचुरियनही मुंबईचं म्हणायला हरकत नाही.

पण त्याच्या मागची माणसं विसरू नका. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अच्यू नावाचा एक चिनी माणूस कोलकात्याजवळ उतरला आणि त्याने उसाची लागवड करून साखरेचा कारखाना काढला. त्या जागेला आजही अचिपूर म्हणतात. त्याच्यामागून आलेल्यांत हक्का लोक बरेच. त्यांनी कोलकात्याच्या टांगऱ्यात चामड्याचे कारखाने काढले, मग तिथेच खानावळी. आपल्या गाडीवरच्या पाटीवर ‘हक्का नूडल्स’ लिहिलेलं असतं तो हक्का हाच, एका चिनी समाजाचं नाव. १९६२ च्या भारत-चीन युद्धाच्या सुमारास आपल्याकडच्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना घरांतून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांत म्हातारी माणसं होती, लेकरं होती. सुटून आल्यावर पुष्कळ जण देश सोडून गेले. जे राहिले त्यांनी पुन्हा चुली पेटवल्या. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून कुणी ‘कसलं हे चायनीज, सगळं नकली’ म्हटलं की मला राहवत नाही.

तुमच्या सहकाऱ्याला विचारा, त्याच्या गावी काय करतात. चीन केवढा मोठा, प्रांतागणिक चव वेगळी. यांगजोऊ शहराच्या नावाचा फ्राइड राइस तिकडेही आहे, ती ओळख निघेल. आणि रविवार मोकळा असेल तर त्याला घेऊन माझगावला जा. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळ मुंबईतल्या चिनी लोकांचं छोटं मंदिर आहे.

सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत. गाडीवरचं व्हेज चालेल का?
— एक सूनबाई, नेरूळ

नाही. कढई एकच, पळी एकच, तळणीचं तेलही बहुधा एकच. शाकाहारी हॉटेलातच न्या. इतर हॉटेलांत सूप कशाच्या पाण्यात केलंय, नूडल्समध्ये अंडं आहे का, ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, घालतात का, हे तीन प्रश्न विचारा.

शेजवान चटणी घरी कशी करायची? बाजारची फार आंबट लागते.
— एक वाचक, कोपरखैरणे

हा प्रश्न माझ्या आवडीचा. पंधरा बेडगी आणि पाच लवंगी मिरच्या घ्या, देठं काढून बिया झटकून टाका. गरम पाण्यात अर्धा तास भिजत घालून बारीक वाटा. लसणाचे दोन गड्डे आणि दोन इंच आलं बारीक चिरा. वाटायचं नाही, दाताखाली आलं पाहिजे. अर्धी वाटी तेल बेताचं तापवून लसूण-आलं मंद आचेवर मऊ होऊ द्या, मग मिरचीचं वाटण. इथे घाई केली तर चटणी कच्ची राहते आणि तोच कच्चेपणा झाकायला बाजारात व्हिनेगर जास्त पडतं. दहा-बारा मिनिटं परता. आधी वाटण तडतडेल, मग त्याचा रंग उजळ लालवरून विटेसारखा होईल आणि कडेला तेल सुटेल. आता मीठ, चमचाभर साखर, चमचाभर सोया सॉस आणि गॅस बंद केल्यावर एक चमचा व्हिनेगर. फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा. तेलातला लसूण बाहेर ठेवायचा नसतो.

आता माझी एक गोष्ट ऐका. शेजवान म्हणजे सिचुआन, चीनचा नैर्ऋत्येकडचा प्रांत. तिथे मिरचीसोबत एक छोटं फळ घालतात, हुआजिआओ. त्याने जीभ बधिर होते. आपल्या शेजवानमध्ये ते नसतं. पुतण्याने परदेशातून त्याची पुडी आणली, मी एक दाणा चावला आणि मला सरळ माहेर आठवलं, मालवणातलं. बांगड्याच्या तिखल्यातली आमची तिरफळं! वास अगदी तोच नाही, पण जिभेवरची झिणझिण तीच. दोन्ही झाडं एकाच वंशातली निघाली, झँथॉझायलम. तेव्हापासून मी चटणीत पाच-सहा तिरफळं घालते. आतली काळी बी काढून टाकायची, टरफल कोरडंच किंचित गरम करून खलबत्त्यात जाडसर ठेचायचं आणि चटणी उतरवताना मिसळायचं. मिक्सरमध्ये बारीक करू नका, कडवटपणा येतो. ठाण्यात जांभळी नाक्याला मसाल्याच्या दुकानांत विचारा, वाशीला मसाला बाजारात मिळतील.

चांगली गाडी ओळखायची कशी?
— दोन मैत्रिणी, वसंत विहार

पाच मिनिटं बाजूला उभ्या राहा. तळणीचं तेल काळं असेल, वर फेस धरत असेल तर निघा. चिरलेली भाजी आणि भात झाकलेले आहेत का पाहा. पुसायचं फडकं एकच आहे आणि त्यानेच ताटही पुसलं जातंय? निघा. मंचुरियनचे गोळे आधी एकदा तळून ठेवलेले असतात, त्यात गैर काही नाही, पण तुमच्यासमोर ते पुन्हा कडक तळले पाहिजेत. गर्दीच्या वेळी जा, आठ-साडेआठला. माल फिरता असतो.

आणि रंग. बोटांना लागलेला लाल साबणानेही जात नसेल तर ती मिरची नव्हे. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यावर बंदी आणली. सुरुवातीची दोन वर्षं आम्हीही रंग टाकला. गिऱ्हाईक लाल मागतं, असं सगळे सांगायचे. मग माझ्या धाकटीने एकदा चिकन लॉलीपॉप खाल्लं आणि तिचा लाल हात पाहून मी डबी गटारात रिकामी केली. बेडगीची पेस्ट महाग पडायची. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही.

काकू, आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. आईने जन्मात चायनीज खाल्लेलं नाही. चांगल्या हॉटेलात न्यायचं ठरवलंय. काय मागवू?
— एक लेक, सीवूड्स

आधी सूप, वन बाय टू. मंचाव नको, तिखट असतं आणि वरच्या तळलेल्या नूडल्स आईच्या दातांना त्रास देतील. लेमन कोरिएंडर मागव, कोथिंबीर-लिंबाचा वास तिच्या ओळखीचा आहे. चिनी मातीचा तो खोलगट चमचा तिला नक्की आवडेल. स्टार्टर एकच आणि मऊ, वाफवलेले वॉनटॉन वगैरे. ट्रिपल शेजवान राइस मागवायचा मोह टाळ. तो आपल्या गाडीवरच खावा, भात, नूडल्स आणि रस्सा एका ताटात, समोर भट्टी धडधडत असताना. हॉटेलात आईसाठी साधा वाफेचा भात आणि सौम्य लसणीची एखादी ग्रेव्ही सांग. ती आधी भात घेईल, मध्ये खळगा करेल, त्यात ग्रेव्ही वाढून घेईल आणि कालवेल. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा असंच केलं होतं, गाडीशेजारच्या स्टुलावर बसून, पदर सावरत. मग म्हणाल्या, ‘आमटीच की गं ही, फक्त फोडणी वेगळी.’ त्या दिवसापासून दर गुरुवारी त्यांचा एक हाफ ठरलेला.

काटा-चमचा आईपुढे ठेवू दे, पण हाताने जेवली तर काही म्हणू नकोस. आणि हात धुवायच्या निमित्ताने उठून काउंटरवर आधीच पैसे देऊन ये, नाहीतर बाबा खिशात हात घालतील.