आमच्या गावच्या वहाळावरील मातीच्या लहान धरणाच्या पायथ्याशी पाणी झिरपते. ते धोक्याचे आहे का?

झिरपणारे पाणी नितळ असेल आणि त्याचे प्रमाण वाढत नसेल तर सहसा धोका नसतो. मात्र ते गढूळ झाले, तर पायथ्याखालील वस्ती त्याच दिवशी हलवावी. मातीच्या भरावातून थोडे पाणी पाझरणे स्वाभाविक आहे, परंतु गढूळपणा म्हणजे पाणी आतली माती सोबत नेत आहे. खेकड्यांची बिळे किंवा भरावावरील झाडांची कुजलेली मुळे यांतून वाट मिळाली की आत पोकळ नळी तयार होते आणि भराव काही तासांतही खचू शकतो. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. त्याच्या गळतीविषयी ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, हे विसरता येत नाही. पाझराचे तोंड बाहेरून चिकणमातीने बुजवू नये, कारण कोंडलेले पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी वाळू, मग खडी आणि वर दगड रचावेत, म्हणजे पाणी जाते व माती अडते. ही तात्पुरती सोय आहे. जलसंधारण विभाग आणि तहसीलदार यांना छायाचित्रांसह लेखी कळवावेच. सांडव्यातील, म्हणजे धरणाचे जादा पाणी बाजूने सोडणाऱ्या वाटेतील, झुडपे व गाळ पावसाळ्यापूर्वी काढावा, कारण माथ्यावरून वाहणारे पाणी मातीचे धरण सोसत नाही. एक अपवाद: पाणी नितळ असले, तरी तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढत असेल, तर तेही धोक्याचेच लक्षण मानावे.