‘परस्पर मदत करावी’ : यात चूक कुठे आहे?

प्रश्न असा आहे. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या उद्दिष्टांवर लिहिताना एकाने ‘सदस्य देशांनी परस्पर मदत करावी’ असं वाक्य लिहिलं. तपासणाऱ्याने ‘परस्पर’ खोडून ‘एकमेकांना’ केलं. ‘परस्पर’ चुकीचा होता का? आणि जाता जाता, ‘प्रादेशिक सहकार्य’ म्हणावं की ‘क्षेत्रीय सहयोग’?

शब्द चुकीचा नव्हता, पण खोडणाऱ्याचा कान तयार आहे.

संस्कृतात परस्पर म्हणजे एकमेक, एवढंच. ‘अन्योन्य’ ज्या पद्धतीने बनला त्याच पद्धतीने हाही बनला. मराठीत येऊन मात्र त्याने दुसरा संसार थाटला. ‘त्याने जमीन परस्पर विकली’ म्हणजे भावांना पत्ता लागू न देता विकली. ‘ती कामावरून परस्पर स्टेशनवर गेली’ म्हणजे घरी न येता गेली. ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ याचा अर्थ ‘परस्पर’ हा शब्द न वापरता सांगून बघा, जीभ अडखळते. या दोन अर्थांमधला सांधा मला ‘दोघांनी परस्पर ठरवलं’ यासारख्या वाक्यात दिसतो. दोघांनी आपसांत ठरवलं, म्हणजे ओघानेच तिसऱ्याला विचारलं नाही. ही वगळण्याची छटा इतकी बळावली की ‘दोघांनी’ची गरजच संपली. किमान दोन माणसं लागणारा शब्द आता एकट्याच्या कारभारासाठी वापरतात!

जुना अर्थ गेलेला नाही, तो समासात सुखरूप आहे. परस्परविरोधी, परस्परपूरक, परस्परावलंबन यांत कोणाचा गोंधळ होत नाही. विभक्ती लागली तरी होत नाही : परस्परांचा, परस्परांशी. शब्द सुटा होऊन क्रियापदाच्या शेजारी जाऊन बसला, की मराठी कान लगेच ‘न विचारता’ असं ऐकतो. ‘परस्पर मदत करावी’ नेमकं या कुंपणावर बसलं आहे.

शेजारी देशांच्या करारांत तर हा शब्द पावलोपावली लागतो. २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन करारातलं पंचशील घ्या. पाच तत्त्वांपैकी चारांत परस्परतेचा उल्लेख आहे, फक्त शांततामय सहजीवन तेवढं त्याच्यावाचून उभं आहे. आता तिसरं तत्त्व घाईघाईत मराठीत असं उतरवलं तर : ‘एकमेकांच्या अंतर्गत बाबींत परस्पर हस्तक्षेप करू नये.’ म्हणजे विचारून केला तर चालेल? सार्वभौमत्वाचं तत्त्व एका सुट्या शब्दाने पार उलटं होतं. इथे ‘परस्पर’ सरळ काढून टाकावा, ‘एकमेकांच्या’ने काम झालेलंच आहे.

सार्कची सनद ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सात देशांनी स्वीकारली; अफगाणिस्तान २००७ मध्ये आठवा सदस्य झाला. उद्दिष्टांत परस्परविश्वास आणि एकमेकांच्या अडचणींची जाण येते, तत्त्वांत सार्वभौम समानता, हस्तक्षेप न करणं आणि परस्परहित. शिवाय या सनदेप्रमाणे प्रत्येक पातळीवरचा निर्णय सर्वांच्या एकमताने व्हायचा असतो. त्यामुळे ‘सदस्य देश परस्पर निर्णय घेतात’ असं कोणी लिहिलं, तर ते नियमाच्या बरोबर विरुद्ध झालं.

‘परस्पर’ टाळायचा म्हणून काहीजण ‘उभयपक्षी’कडे वळतात. ‘उभय’ म्हणजे दोन. आठ देशांना तो पुरत नाही. त्यातून दोघादोघांमधले आणि वादाचे प्रश्न सार्कच्या चर्चेत आणायचे नाहीत असं सनदच सांगते, तेव्हा तिथे ‘उभयपक्षी’ म्हणणं जरा गमतीचंच. ‘आपापसांत’ही नको, त्याला भांडण मिटवल्याचा वास येतो.

दुसरा प्रश्न. ‘सहयोग’ मराठीत आहे, पण तो जास्त करून निमंत्रणपत्रिकेवर, ‘यांच्या सहयोगाने’. हिंदी आणि नेपाळीत सार्कच्या नावात ‘क्षेत्रीय सहयोग’च आहे, तिथूनच तो आपल्याकडे डोकावतो. मराठीचा ओढा वेगळा असल्याचा पुरावा जुना आहे : १९२० ची जी चळवळ हिंदीत ‘असहयोग’, ती आपल्याकडे ‘असहकार’. ‘सहकार’ला आता सहकारी संस्थांनी व्यापलं आहे, म्हणून देशांसाठी ‘सहकार्य’ ठीक. ‘कृपया सहकार्य करावे’ या पाटीमुळे त्याला ‘मुकाट्याने सांगितलेलं ऐका’ अशी झाक आलीय खरी, पण ती पाटीपुरतीच.

‘क्षेत्रीय’ची अडचण बिमस्टेकमध्ये कळते. बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या या गटाच्या पूर्ण नावात ‘बहुक्षेत्रीय’ येतं, आणि तिथे क्षेत्र म्हणजे व्यापार, ऊर्जा, वाहतूक अशी कामाची क्षेत्रं, भूभाग नव्हे. एकाच लेखात दोन्ही ‘क्षेत्रीय’ आले की वाचणारा हरवतो. ‘प्रादेशिक’ही अगदी धुतल्या तांदळासारखा नाही. ‘प्रादेशिक अखंडता’ यात प्रदेश एका देशाचा, ‘प्रादेशिक सहकार्य’ यात सगळ्यांचा, आणि दोन्ही एकाच सनदेत. मी ‘प्रादेशिक सहकार्य’ ठेवतो आणि अखंडतेला ‘भूभागाची’ लावतो.

मूळ वाक्य मी असं केलं असतं : ‘सदस्य देशांनी आर्थिक, सामाजिक आणि वैज्ञानिक क्षेत्रांत एकमेकांना मदत करावी.’ ‘परस्पर’ सोडवतच नसेल, तर ‘परस्परांना’ लिहा.