कृषी केंद्राच्या बोर्डावर पॉपिन्स ब्लॅक चालेल का?

कृषी सेवा केंद्राच्या १० बाय ३ फुटी फ्लेक्सवर पॉपिन्स ब्लॅक, म्हणजे पॉपिन्स फॉन्टचा सगळ्यात जाड प्रकार, टाकला तर नाव लांबून ठळक दिसेल का, असं विचारलंय. नाव इंग्रजीत असेल तर खुशाल टाका. मराठीत नको.

‘भाऊ, लय बारीक दिसून राह्यलं, जाड कर ना,’ हे इकडे यवतमाळच्या दारव्हा-दिग्रस भागात प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. ब्लॅकमध्ये मराठी बिघडते, यात फॉन्टचा दोष नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४चा फॉन्ट आहे, त्यातली देवनागरी निनाद काळे यांची. थिनपासून ब्लॅकपर्यंत ९ वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आणि धंद्यासाठीही फुकट. पण इंग्रजी ‘ओ’ कंपासने काढल्यासारखा गोल असतो, कितीही जाड केला तरी पोटात भोक उरतं. ‘ष’मध्ये शिरोरेघ, दांडा, पोट आणि पोटात परत तिरकी रेघ. चारही जाड झाल्या की आतल्या खिडक्या बुजतात.

असाच एक बोर्ड मालकाच्या हट्टाने ब्लॅकमध्ये गेला. रस्त्यावरून ‘कृषी’चं ‘कृपी’ झालं. खालच्या ओळीत ‘शेतकऱ्यांसाठी’ होतं. त्यातला पापणीसारखा अर्धा र फुगून ‘य’ला चिकटला आणि लोक ‘शेतकय्यांसाठी’ वाचू लागले. शिवाय हिरव्यावर पांढरं अक्षर उन्हात आहे त्याहून जाड भासतं, ते वेगळंच. शेवटी तोच मजकूर ब्लॅकहून कमी जाड सेमीबोल्डमध्ये घेतला, मोबाइल नंबर कोपऱ्यात सरकवला आणि अक्षराचं अंग ७ इंचांवरून १० इंचांवर नेलं. लांबून दिसतं ते उंचीमुळे, जाडीमुळे नाही. साधारण १० फुटांना १ इंच धरा, आणि तो इंच शिरोरेघेपासून पायापर्यंत मोजा, मात्रा-वेलांटी सोडून. वर-खाली ४-५ इंच मोकळे ठेवा, नाहीतर ‘कृ’चा पाय कापला जातो.

नाव लांब असेल तर अक्षर आडवं दाबू नका. दांडे बारीक होतात, शिरोरेघ तेवढीच जाड राहते आणि अक्षर टोपी घातल्यासारखं दिसतं. मुळात अरुंद असलेला ‘खंड’ नावाचा फॉन्ट घ्या.

कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्ह केल्यावर (म्हणजे त्यांचे नुसते आकार केल्यावर) वेल्ड करायला, म्हणजे ते आकार एकसंध जोडायला, विसरू नका. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर चढलेल्या असतात. वेल्ड न करता बॉर्डर दिली तर प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते, आणि व्हिनाइल कटिंगला दिलं तर प्लॉटर, म्हणजे कापायचं मशीन, शिरोरेघ तिथेच कापतो. अक्षरांतलं अंतरही वाढवू नका, शिरोरेघ तुटते.

छापण्याआधी ए-४ कागदावर १० इंच रुंद प्रिंट काढा, म्हणजे फुटाला इंच. भिंतीवर लावून साधारण सव्वाआठ फुटांवरून पाहिलं की १०० फुटांवरून पाहिल्यासारखं होतं. वाचायला दुकानाचं नाव माहीत नसलेला माणूस उभा करा. मालक नको, त्याला ते डोळे मिटूनही दिसतं.

हे सगळं साध्या फ्लेक्सचं. आत ट्यूब असेल तर पांढरं अक्षर रात्री आणखी फुगतं, तिथे सेमीबोल्डहूनही बारीक मीडियमच घ्या. आणि बोर्डावर नुसतं ‘सेल’ लिहायचं असेल, तर ब्लॅक लावा, माझी हरकत नाही.