एफवरून एफ शार्पवर जाताना

प्रश्न : मी कॉलेजात शिकते आणि फेस्ताला वाजवणाऱ्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. पहिल्या घरातल्या (स्वरलेखनातल्या खालच्या दोन रेषांमधल्या) एफवरून एफ शार्पवर वेगात जाताना मध्येच तिसराच सूर फुटतो. अंगठा झटकन उचल असे मला सांगितले जाते, मी उचलतेही. शिवाय बी, सी शार्प, डी शार्प ओळीने आले की करंगळी अडकते. सराव कमी पडतोय का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : बाय, सराव कमी पडत नाही. तू त्या जागी चुकीची बोटे लावते आहेस, एवढेच. एफला फक्त डावा अंगठा टेकलेला असतो. नेहमीच्या एफ शार्पला अंगठा सुटतो आणि डाव्या हाताची तर्जनी टेकते. म्हणजे एक बोट वर, दुसरे खाली, तेही एकाच क्षणी. अंगठा आधी सुटला की ओपन जी (सगळी बोटे उचलल्यावर येणारा सूर) वाजतो, तर्जनी आधी टेकली की ई. तुला ऐकू येतो तो तिसरा सूर यांतलाच एक आहे. अंगठा कितीही चपळ केलास तरी वेगात तो कधी ना कधी डोके वर काढणारच.

उजव्या तर्जनीजवळ बाजूला चार चाव्या आहेत ना? त्यांतल्या खालच्या दोन त्याच तर्जनीने एकत्र दाब, अंगठा आहे तिथेच राहू दे. एफ शार्प मिळाला. आता एकच बोट हलते, मधला सूर फुटायला जागाच उरत नाही. पण म्हणून दर वेळी हेच बोट, म्हणजे बोटांची हीच मांडणी, वापरू नकोस. ईवरून एफ शार्पला जाताना तर्जनी आधीच टेकलेली असते, नुसता अंगठा उचलला की झाले. तिथे नेहमीचेच बोट उत्तम. मागचा सूर कोणता आणि पुढचा कोणता, हे पाहूनच बोट ठरते. आपल्याकडे बोटांच्या तक्त्यावरून एका सुराला एक बोट पाठ करून घेतात आणि पोर वर्षानुवर्षे त्याच जागी ठेचकाळते. मला ते फार खटकते.

वरच्या सप्तकातही हेच आहे. पाचव्या रेषेवरच्या एफवरून एफ शार्पला जाताना उजवी तर्जनी उचलून मध्यमा टेकवू नकोस. तर्जनी तशीच ठेव आणि उजव्या अनामिकेने मध्यमा आणि अनामिका यांच्या मधली चिंचोळी चावी दाब. त्याच्यावरच्या बी फ्लॅटला तर अनेक पर्याय आहेत. ए–बी फ्लॅट असे लागोपाठ असेल तर बाजूची सर्वांत खालची चावी. एफवरून थेट बी फ्लॅटला उडी असेल तर दोन्ही हातांच्या तर्जन्या ठेवून डाव्या हाताची मध्यमा आणि अनामिका उचल.

आता करंगळी. बी, सी आणि सी शार्प डाव्या करंगळीनेही होतात आणि उजव्यानेही, पण साध्या सतरा चाव्यांच्या वाद्यावर डी शार्प फक्त उजव्या. म्हणून हिशेब शेवटापासून मागे कर : डी शार्प उजवी, म्हणून सी शार्प डावी, म्हणून बी उजवी. तू बहुधा बी डावीने सुरू करतेस आणि मग सी शार्पला उजवी लागली की पुढे डी शार्पसाठी तीच करंगळी घसरवावी लागते. सी आणि ई फ्लॅट (म्हणजे डी शार्पच) लागोपाठ आले तर सी डावीच. कागदावर प्रत्येक सुराखाली पेन्सिलीने ‘डा’, ‘उ’ लिही आणि एकदा ठरवलेले बदलू नकोस. आल्वोरादच्या (फेस्ताच्या पहाटवादनाच्या) वेळी पहाटे, थंड बोटांनी उभ्या उभ्या वाजवताना विचार करायला सवड नसते.

ही सोय आयत्या वेळी सापडलेली पळवाट नव्हे. पॅरिसच्या क्लोझे आणि ब्युफे यांनी 1839 साली क्लॅरिनेटची ही आजची रचना मांडली, 1844 मध्ये तिचे पेटंट घेतले. करंगळ्यांना दोन्हीकडे चाव्या त्यांनी मुद्दाम दिल्या.

सुरुवातीला दोनच सूर घे, मेट्रोनोम (ताल धरणारे यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, आणि कानाने तपास. बाजूच्या चाव्या फारशा वापरात नसतात, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात त्यांचे पॅड (छिद्र झाकणाऱ्या मऊ गाद्या) चिकटतात. चावी उशिरा उघडत असेल तर पॅडखाली सिगारेटचा पातळ कागद घालून चावी मिटू दे, कागदाला ओल टिपू दे, मग चावी उघडून तो काढ. ओढून काढलास तर पॅड फाटतो.

प्रश्न : आजोबांची तेरा चाव्यांची जुनी क्लॅरिनेट घरात आहे. तिच्यावर ही बोटे चालतात का?
– एक वाचक, शिरोडा

उत्तर : करंगळ्यांची तरी नाहीत. तिच्यावर बी आणि सी शार्प डाव्या करंगळीलाच, सी आणि डी शार्प उजव्याला. बीवरून सी शार्पला सरकावेच लागते. त्यासाठी चाव्यांना रूळ आहेत का पाहा. नसतील तर करंगळी नाकाच्या बाजूला घासून घ्या. तेवढ्या तेलाने ती सहज घसरते, जुने वादक हेच करत. तक्ता मात्र तेरा चाव्यांचाच मिळवा.