मग बोलायचं तरी काय?

"मॅडम, आम्ही त्याला कधी रागावत नाही. उलट कौतुकच करतो. तरी हे असं का?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या आईने पर्समधून मुलाच्या चाचणीचा घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. वरच्या कोपऱ्यात अकराचे सतरा केलेले. शाई वेगळी, आकडा थोडा कापरा. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा ९ वर्षांचा. तिसरीपर्यंत सगळं पटापट जमायचं, त्यामुळे घरीदारी एकच बिरुद: हुशार. चौथीत मोठे भागाकार आले आणि अभ्यासाची वेळ झाली की पोट दुखायला लागलं. आता हा कागद. वडील पहिल्या भेटीत दोनदा घड्याळ बघून म्हणाले, "आम्हाला कुणी प्रोत्साहन दिलं होतं? शिकलोच ना?"

मुलाला मी एकट्याला बोलावलं आणि तुकडे जुळवायची कोडी पुढे ठेवली. पहिली तीन त्याने झरझर सोडवली. प्रत्येक वेळी तुकड्यांकडे कमी, माझ्या चेहऱ्याकडे जास्त बघत होता. चौथं कोडं अवघड होतं. अर्धा मिनिट झालं असेल, त्याने ते बाजूला सारलं. "हे लहान मुलांचं आहे."

मग त्याची गणिताची वही चाळली. दोन पानांना खोडरबर घासून घासून भोकं पडली होती.

"इथे काय झालं होतं?"

"चुकलं होतं."

"मग?"

"आईने बघितलं असतं तर तिला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

बराच वेळ गप्प. मग अगदी हळू म्हणाला, "मी हुशार नाहीये ते."

आईला खोटेपणाची काळजी होती. मला त्यात खोटेपणापेक्षा घाबरलेपणा जास्त दिसला. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमकं असंच काही दिसलं होतं. पाचवीतल्या मुलांनी सोपी कोडी सोडवली की काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू खूप प्रयत्न केलेस'. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली. पहिल्या गटातली मुलं लवकर नाउमेद झाली. नंतर दुसऱ्या मुलांना आपले गुण लिहून कळवायची वेळ आली तेव्हा त्या गटातल्या दहापैकी जवळजवळ चार मुलांनी ते वाढवून लिहिले. कौतुक ऐकूनच! बिरुद मिळालं की ते सांभाळावं लागतं, आणि चूक झाली की ते हातचं जातं.

आईला हे पटलं, पण पुढचा प्रश्न तिने चिडूनच विचारला. "मग बोलायचं तरी काय? गप्प बसू का?"

प्रश्न रास्त होता. मी स्वतः व्यवसायाच्या सुरुवातीला पालकांना भिंतीवर तक्ता लावायला सांगायचे. अभ्यास केला की एक चांदणी, दहा चांदण्यांना बक्षीस. एका मुलीने चांदण्या संपल्यावर गोष्टी वाचणंच सोडलं. तक्त्याआधी ती आपणहून वाचायची. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की, ज्या लहान मुलांना चित्रं काढायला मुळात आवडतं, त्यांना बक्षिसाचं आधी कबूल केलं तर नंतर ती आपणहून कमी चित्रं काढतात. मी ते वाचलेलं होतं, तरी तक्ते लावतच होते.

तर मी आईला म्हटलं, शब्द नंतर बघू. आधी रोज पंधरा मिनिटं त्याच्या शेजारी बसा. पेन्सिल त्याच्याच हातात राहू द्या. कच्च्या वहीपुरता खोडरबर बंद. चुकलं तर एक रेघ मारायची आणि खाली पुन्हा करायचं. तो थांबला की एवढंच विचारा, "कुठे अडलंय ते दाखव." आणि उत्तर येईपर्यंत कळ काढा. हे शेवटचं सगळ्यात कठीण.

पहिला आठवडा फसला. आईने गोड आवाजात म्हटलं, "किती छान मेहनत घेतलीस रे!" त्यावर पोराने विचारलं, "तुला त्या मॅडमनी असं बोलायला सांगितलंय का?" मुलांना पाठ केलेलं वाक्य लगेच ओळखू येतं. मेहनतीचं कौतुक करा हा सल्ला आता इतका पसरलाय की तोही तोंडदेखला झालाय. मेहनत दिसली नसेल तर नका म्हणू. जे दिसलं ते सांगा: "या वेळी हातचा विसरला नाहीस." संपलं.

तिसऱ्या भेटीत वडिलांना विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा एखादी गोष्ट कुणाजवळ बसून शिकलात?" त्यांनी खांदे उडवले. मग थोड्या वेळाने आपणच बोलायला लागले. शेजारी एक काका होते, रेडिओ दुरुस्त करायचे. "माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर द्यायचे. चुकीचा स्क्रू काढला तरी माझा हात धरायचे नाहीत. म्हणायचे, बघ, आता काय होतंय." तीस वर्षं झाली होती त्याला. "आजही घरात काही बिघडलं की आधी मी उघडून बघतो." यावेळी त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

एका भेटीत सगळं सुधारलं असं नाही. पुढच्या चाचणीत त्याला बारा मिळाले. ते बाराच घरी आले. मला त्यातच जास्त आनंद झाला. वडिलांना झाला नाही, हेही खरं. पोटदुखी दोन महिन्यांनी थांबली. भागाकार त्याहून उशिरा जमला.

एवढ्याशा वाक्यांनी काय फरक पडणार, असं पालक विचारतात. एलिझाबेथ गंडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडलेल्या अभ्यासात ५३ मुलांच्या घरातलं बोलणं मुलं १ ते ३ वर्षांची असताना टिपलं होतं. ज्या घरांत कौतुकाचा जास्त वाटा मुलाच्या कृतीबद्दल होता, तिथली मुलं सात-आठ वर्षांची झाल्यावर अवघड कामाला अधिक तयार दिसली. कारण तेवढंच होतं असं या अभ्यासावरून सिद्ध होत नाही. पण रोजचं बोलणं वाऱ्यावर जात नाही, एवढं मी त्यावरून आणि माझ्या खुर्चीवरून म्हणू शकते.

चार वर्षांनी त्या आईचा मोठा संदेश आला. ती नव्या नोकरीसाठी संगणकावर हिशेबाचे तक्ते करायला शिकत होती. एका रात्री आकडे जुळेनात म्हणून तिने केलेलं सगळं पुसायला घेतलं. मुलगा मागून आला, खुर्ची ओढून शेजारी बसला.

"पुसू नकोस. कुठे अडलंय ते दाखव."

खाली तिने लिहिलं होतं, "माऊसला हातसुद्धा लावला नाही हो त्याने."