रोमन स्नानगृहातले ते विटांचे खांब कशासाठी?

प्रश्न: मुलीच्या इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी रोमन स्नानगृहांचे फोटो बघत होतो. एका फोटोत जमिनीखाली विटांचे बुटके खांबच खांब दिसले, ते कशासाठी? आणि तिथं फक्त श्रीमंतच जायचे का? – एक वाचक, सातारा

उत्तर: सगळी करामत त्या खांबांचीच आहे बघा. वरची फरशी त्यांच्यावर पेललेली असायची, खाली साधारण दोन फूट पोकळी, बाजूच्या भट्टीत लाकडं पेटवली की गरम हवा आणि धूर फरशीखालनं फिरत जायचा आणि भिंतीत बसवलेल्या पोकळ विटांमधनं वर चढायचा, म्हणजे जमीन पण तापली आणि भिंत पण. याला हायपोकॉस्ट म्हणतात. भट्टीला लागून सगळ्यात गरम खोली, मग कोमट, मग गार पाण्याची. गरम खोलीत पाय भाजू नयेत म्हणून लोक लाकडी तळाच्या चपला घालायचे. इटलीतल्या पॉम्पेई या जुन्या रोमन शहरात फोरमजवळच्या (म्हणजे मुख्य चौकाजवळच्या) स्नानगृहात तर गरम खोलीच्या कमानदार छताला गिलाव्यात पन्हळी काढल्यात, का तर वाफेचं पाणी डोक्यावर ठिबकू नये, भिंतीवरनं ओघळून जावं! किती बारीक विचार केलाय, मला तर हे फार आवडतं.

आणि नाही, फक्त श्रीमंतांचं काम नव्हतं ते. आत्ताच्या पोर्तुगालमध्ये विपास्का नावाची खाणकामगारांची वस्ती होती, तिथं १८७६ मध्ये एक ब्राँझचा पत्रा सापडला, त्यावर सम्राट हेड्रियनच्या काळातले नियम कोरलेत आणि त्यात स्नानगृहाचा ठेका पण आहे. बायकांनी उजाडल्यापासून दुपारपर्यंत यायचं, पुरुषांनी त्यानंतर रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत. रेट पुरुषाला अर्धा आस (आस म्हणजे रोमन लोकांचं एक छोटं नाणं), बाईला एक आस म्हणजे डबल, हे मात्र मला खटकतं. सैनिक आणि लहान मुलं फुकट. ठेकेदारानं वर्षभर रोज पाणी तापवायचं आणि तांब्या-पितळेची भांडी दर ३० दिवसांनी धुऊन घासून त्यांना ताजी चरबी चोळायची, इथपर्यंत सगळं लिहिलंय.

प्रोजेक्टमध्ये मुलीला भट्टीचं तोंड नक्की काढायला सांगा, आणि तिथं लाकडं सारणारा माणूस पण. हे काम बहुतेक ठिकाणी गुलामांकडं असायचं, आत अंघोळ करणाऱ्यांना तो दिसायचा पण नाही.